पाककृती : इतिहासाचे दुर्लक्षित साधन

(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह, शिलालेख आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. पाककृती म्हणजे वर्तमानपत्राच्या पुरवणीतला मजकूर, अशी आपली समजूत असते. परंतु माणूस लढाई रोज करीत नाही, जेवण मात्र त्याला रोज लागते. तो काय खात होता, ते कोण शिजवीत होते, कशावर शिजवीत होते, कोण कोणाच्या पंक्तीला बसत होते आणि कोणाला पंक्तीबाहेर ठेवले जात होते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर त्या समाजाची खरी ओळख पटते. म्हणूनच गेल्या काही दशकांत जुन्या पाककृतींचा इतिहासाचे साधन म्हणून विद्यापीठांतून अभ्यास होऊ लागला आहे. हा अभ्यास कसा करतात, त्यातून काय हाती लागते, आणि त्यात आपल्या वाट्याचे कोणते काम शिल्लक आहे, एवढ्या तीन गोष्टी मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कागदाला विचारायचे प्रश्न

कोणतीही जुनी पाककृती हाती आली की अभ्यासकाने चार प्रश्न विचारावेत. पहिला, ही कोणी लिहिली? दुसरा, कोणासाठी लिहिली? तिसरा, पदार्थाचे नाव ओळखीचे असले तरी पदार्थ तोच आहे काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा, यात काय लिहिलेले नाही? रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईला पाककृती लिहून ठेवण्याची गरज नसते आणि पुष्कळदा तिला लिहिताही येत नव्हते. लिहिणारा बहुधा वेगळाच असतो. कधी राजाचा पंडित, कधी वैद्य, कधी कारकून. म्हणजे हात शिजवणाऱ्याचे आणि शब्द दुसऱ्याचे, अशी ही कागदपत्रे आहेत. ती वाचताना हे अंतर सतत ध्यानात ठेवावे लागते.

आज माहीत असलेल्या अगदी जुन्या पाककृती मातीच्या विटांवर कोरलेल्या आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात प्राचीन बाबिलोनियातील, इ. स. पू. सुमारे १७३० च्या, अशा काही विटा आहेत. त्यांवरचा मजकूर अक्कादी भाषेत आणि खिळ्यांच्या आकाराच्या लिपीत आहे. बरीच वर्षे अभ्यासकांची समजूत अशी होती की या औषधांच्या याद्या आहेत. फ्रेंच विद्वान झाँ बोतेरो यांनी १९८० नंतरच्या दशकात त्या काळजीपूर्वक वाचल्या, तेव्हा त्या स्वयंपाकाच्या कृती असल्याचे स्पष्ट झाले. एका विटेवर २५ कृती आहेत, त्यांपैकी २१ मांसाच्या रश्श्याच्या आणि ४ भाजीच्या. पाणी ठेवा, चरबी घाला, कांद्याच्या जातीची पात आणि लसूण कुटून घाला, अशा त्या अगदी तुटक सूचना आहेत. किती घ्यायचे, किती वेळ शिजवायचे, याचा उल्लेख जवळजवळ नाही. कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. २०१८ साली येल आणि हार्वर्ड येथील अभ्यासकांनी मिळून यांतील काही कृती प्रत्यक्ष शिजवून पाहिल्या. नुसता शब्दकोश पुढे घेऊन जे उलगडत नाही ते पातेल्यात उलगडते, असा हा अनुभव आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ 'धने' की 'कांदापात' असा वाद असेल तर दोन्ही घालून पाहता येते.

या उदाहरणातून दोन धडे मिळतात. पाककृती समोर असूनही ती पाककृती म्हणून ओळखू येत नाही, कारण अभ्यासकाच्या मनात तिला जागाच नसते. आणि पाककृतीत जे गाळलेले असते ते निष्काळजीपणाने गाळलेले नसते, ते सर्वांना माहीत असलेले ज्ञान असते. ते माहीत असणारी माणसे संपली की पाककृती मुकी होते.

पाली ग्रंथांतील अन्न

आपल्या देशातील जुन्या अन्नाची माहिती देणाऱ्या साधनांत पाली विनयपिटकाचे महत्त्व मोठे आहे. विनय हा काही स्वयंपाकाचा ग्रंथ नाही, तो भिक्खूंच्या आचाराचे नियम सांगतो. पण नियम करायचा तर वस्तूचे नाव घ्यावे लागते, आणि त्यामुळे अन्नाच्या इतिहासाला मोलाची सामग्री मिळते. जेवणाचे पाच मुख्य प्रकार त्यात सांगितले आहेत : भात, कुम्मास म्हणजे कुल्माष, सत्तू, मासे आणि मांस. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दिलेली आहेत. अंधकविंद येथे एका ब्राह्मणाने संघाला यागू, म्हणजे पेज, आणि मधाचे गोळे दिल्याची हकीकत आहे, आणि त्या प्रसंगी यागूचे दहा गुण मोजलेले आहेत.

याच खंधकात राजगृहातील एक प्रसंग आहे. तथागतांच्या पोटात वाताचा त्रास सुरू झाला. पूर्वी हा त्रास 'तेकटुल यागू'ने बरा झाला होता हे आनंदाला आठवले. त्याने तीळ, तांदूळ आणि मूग मागून आणले, ते आत ठेवले, आतच स्वतः शिजवले आणि पेज करून पुढे ठेवली. परंतु भिक्खूने अन्न आत साठवणे, आत शिजवणे आणि स्वतः शिजवणे योग्य नाही, म्हणून तथागतांनी आनंदालाच समज दिली आणि तसा नियम घालून दिला. पुढे राजगृहात अन्नाची टंचाई झाली तेव्हा हे नियम शिथिल करण्यात आले, आणि पुन्हा सुबत्ता आल्यावर ती सवलत काढून घेण्यात आली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा उतारा वाचा. तीन धान्यांच्या साध्या पेजेची सामग्री आपल्यापर्यंत पोहोचली ती कोणाला ती करून खायची होती म्हणून नव्हे, तर नियमाचे कारण सांगायचे होते म्हणून. त्याच उताऱ्यात मगधातील धान्ये कळतात, पेज औषध म्हणून घेतली जात होती हे कळते, आणि टंचाईचा परिणाम नियमांवर कसा झाला हेही कळते. एखादा लेख स्वतःला पाककृती म्हणवत नसला तरी त्यातून पाककृती काढता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच्या उलट उदाहरण 'सूकरमद्दव' या शब्दाचे आहे. पावा येथे चुंद लोहाराने दिलेल्या भोजनातील हा पदार्थ महापरिनिब्बान सुत्तात आला आहे. त्याचे नाव आहे, कृती नाही. शेकडो वर्षांनी, पाचव्या शतकात व त्यानंतर लिहिल्या गेलेल्या अट्ठकथांत त्याचे वेगवेगळे अर्थ दिलेले सापडतात. कोणी ते डुकराचे मऊ मांस म्हणतात, कोणी डुकरांनी तुडवलेल्या जागचे बांबूचे कोंब, कोणी तशा जागी उगवणारी अळंबी, तर कोणी रसायन. म्हणजे त्या काळीच परंपरेतील जाणकारांत एकमत उरले नव्हते. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहून या प्रश्नाची चर्चा केली. आपल्या आवडीनिवडीप्रमाणे अर्थ न लावता जुनी साधने समोर ठेवून बोलायचे, हा त्यांचा दंडक होता. अभ्यासकाने तोच दंडक पाळावा. आपण काय खातो यावरून पूर्वीच्यांनी काय खाल्ले असेल हे ठरवू नये.

नाव तेच, पदार्थ निराळा

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा आहे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. राज्यकारभारापासून खेळांपर्यंत शंभर विषय त्यात आहेत आणि 'अन्नभोग' हा त्यांपैकी एक आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ १९२५ पासून भागाभागांनी छापला गेला. त्यात मंडक आहे, तो आपला मांडा. पूरिका आहे, ती आपली पुरी. वटक आहे, तो वडा. भाषेचा आणि अन्नाचा प्रवास कसा जोडीने चालतो ते यावरून दिसते.

पण इथेच सावध व्हावे लागते. मानसोल्लासात 'इडरिका' नावाचा पदार्थ आहे. नाव ऐकताच आपण म्हणतो, ही इडली! परंतु कृती वाचली तर तिथे उडदाच्या पिठाचे छोटे गोळे करून तुपात तळले आहेत आणि त्यांना मिरे, जिरे, हिंग लावले आहे. अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी दाखवून दिले की आजच्या इडलीची तीन लक्षणे, म्हणजे उडदाबरोबर तांदूळ, पीठ दीर्घकाळ आंबवणे आणि वाफेवर शिजवणे, ही जुन्या उल्लेखांत सापडत नाहीत. म्हणजे नाव नऊशे वर्षे टिकले आणि पदार्थ बदलला. 'आमची परंपरा हजारो वर्षांची' असे विधान करण्यापूर्वी नाव जुने आहे की कृती जुनी आहे हे विचारले पाहिजे.

याच राजग्रंथात आणखी काय आहे ते पाहा. डुकराचे मांस भाजण्याच्या कृती आहेत. मासे, कासव आणि खेकडा आहे. शेतातले आणि नदीकाठचे काळे उंदीर गरम तेलात धरून त्यांचे केस काढायचे, मग ते साफ करून शिजवायचे किंवा सळईवर भाजायचे, अशीही कृती आहे. नऊशे वर्षांपूर्वी जो पदार्थ राजाच्या ताटात वर्णन करण्याजोगा होता, तोच पदार्थ पुढे शेतावर राबणाऱ्या गरीब माणसाच्या ताटात दिसला की त्याला हिणवले गेले. पदार्थ तोच राहिला, खाणारा बदलला. अन्नाची उच्चनीचता पदार्थात नसते, ती खाणाऱ्याच्या समाजातील स्थानावरून ठरवली जाते. हे विधान नुसत्या तर्काने नव्हे, तर ग्रंथाच्या आधाराने करता येते, हे या अभ्यासाचे फळ आहे.

मानसोल्लासातील आणखी एक नोंद मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे राजाने लिहून ठेवले आहे. ओवीच्या इतिहासात हा उल्लेख नेहमी दिला जातो. मला मात्र तो वाचताना दुसरेच जाणवते. कांडणाऱ्या बायांचे गाणे राजाच्या कानी गेले, पण त्या कांडलेल्या धान्याचे त्यांनी स्वतःच्या घरी काय शिजवले, ते ग्रंथात आले नाही. राजाच्या ताटापर्यंत जाणारी वाट लिहिली गेली, कांडणारीच्या चुलीपर्यंत जाणारी नाही.

जिन्नस आणि मापे

पाककृतीचा काळ ठरवण्याचे एक सोपे साधन म्हणजे तिच्यातील जिन्नस. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू आणि ज्यापासून साबुदाणा करतात तो टॅपिओकाचा कंद, ही सारी मूळची अमेरिका खंडातील पिके आहेत. १४९२ नंतर युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचले आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडे त्यांपैकी बरीच पोर्तुगीजांमार्फत आली. बटाटा आणि काजू हे शब्दही त्यांच्याच भाषेतून आले. मिरची हे नाव मात्र आपण आपल्या मिरीवरून दिले. तेव्हा १५०० पूर्वीची म्हणून सांगितलेल्या कृतीत मिरची किंवा शेंगदाणे आले तर ती कृती तेवढी जुनी नाही, हे निश्चित. उपवासाची म्हणून पवित्र मानली जाणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, यांतला एकही जिन्नस सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात नव्हता.

माळव्यातील मांडूच्या सुलतानांसाठी इ. स. १५०० च्या सुमारास लिहिलेला 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐने अकबरी'त तीस पदार्थांचे जिन्नस वजनासह दिले आहेत, त्यांतही तिखटपणा मिऱ्याचाच आहे. आईन ही पाककृतींची वही नाही, तो सरकारी जमाखर्चाच्या शिस्तीने लिहिलेला ग्रंथ आहे, म्हणून त्यात मापे चोख आहेत. खिचडीचे प्रमाण पाहा : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर, तूप पाच शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. तुपाचे वजन तांदळाइतकेच! खिचडी हा गरिबाचा पदार्थ आहे असे आपण म्हणतो. पण पाच शेराला पाच शेर तूप ही गरिबाची खिचडी नव्हे. नाव गरिबाचे, तूप बादशहाचे. पाककृतीतील आकडा समाजाची पायरी कशी सांगतो हे विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे (१८९१ ते १९६१) यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. हस्तलिखितांची देखभाल करता करता त्यांनी हरभरा, ज्वारी, जिलबी अशा साध्या वस्तूंच्या इतिहासावर शोधनिबंध लिहिले. सतराव्या शतकात रघुनाथ नावाच्या पंडिताने तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जिलबीची कृती आहे. गोडे यांनी तिचा माग घेत १४५० च्या सुमारास जिनसूर या जैन लेखकाने केलेला तिचा उल्लेख पुढे आणला. अरबी भाषेत या पदार्थाला झलाबिया म्हणतात, आणि दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात तो आहे. म्हणजे जी जिलबी आपल्या प्रत्येक शुभप्रसंगी ताटात असते तिने बगदादची वाट पाहिलेली आहे. एका गोड पदार्थाचा शोध घेताना व्यापार, भाषा आणि धर्म या तिघांच्या भिंती कशा ओलांडाव्या लागतात ते यातून दिसते.

छापखाना आला तेव्हा

मराठीत छापील पाकग्रंथांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या 'सूपशास्त्र' या पुस्तकापासून मानतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणीमित्र' आले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने ते हजारो घरांत पोहोचले. आईपासून दूर, शहरात बिऱ्हाड करणाऱ्या सुशिक्षित मुलीला विचारायला कोणी नव्हते, तिच्यासाठी पुस्तक हीच आई झाली. ही पुस्तके मोलाची आहेत यात शंका नाही. पण त्यांना आपले चारही प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांतील स्वयंपाकघर कोणाचे आहे? छापील पुस्तकांत प्रामुख्याने शहरी, उच्चवर्णीय घरांचा स्वयंपाक आला, आणि हळूहळू तोच 'महाराष्ट्रीय जेवण' या नावाने ओळखला जाऊ लागला. अंबील, कण्या, हुलग्याचे माडगे, येसुराची आमटी, तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या महाराष्ट्राला त्या नावात फारच थोडी जागा मिळाली.

जे लिहिले गेले नाही

आता मी विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येते. अन्नाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहण्याचे मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिले आहे. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का झाले, या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. वेद, धर्मसूत्रे, बौद्ध सुत्ते आणि जनगणनेचे अहवाल पुढे ठेवून कोण काय खात होते, कोणी ते केव्हा सोडले आणि कोण सोडू शकले नाही, याचा त्यांनी शोध घेतला. गोमांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध जोडून अस्पृश्यतेचा उदय त्यांनी इ. स. ४०० च्या सुमाराला ठेवला. या निष्कर्षावर विद्वानांत चर्चा होत राहिली, पण ताटातील पदार्थ हा सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज आहे ही दृष्टी त्यांनी त्या काळी दिली, हे निर्विवाद आहे.

त्यापूर्वी, मार्च १९२७ च्या महाड परिषदेत, मृतमांस सोडा, उष्टे तुकडे मागू नका, असे त्यांनी समाजाला सांगितले. गावोगावी लोकांनी ते ऐकले. पोटाला चिमटा घेऊन ऐकले. त्यामुळे आज जेव्हा कोणी म्हणतो की दलित समाजाच्या जुन्या पाककृती लिहून काढल्या पाहिजेत, तेव्हा आपल्यातील वडीलधारी माणसे विचारतात, 'जे आम्ही अभिमानाने टाकले ते पुन्हा कागदावर कशाला? लोकांनी पुन्हा बोट दाखवावे म्हणून?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे भोगलेली वेदना आहे.

तरीही या आक्षेपाला उत्तर आहे, असे मला वाटते. पहिले असे की लिहिणे म्हणजे खाणे नव्हे आणि गौरव करणेही नव्हे. वतनाच्या जोखडाचा इतिहास आपण लिहितो तो वतन परत हवे म्हणून नव्हे. दुसरे असे की काय सोडले हे कळल्याशिवाय सोडण्याची किंमत कळत नाही. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून केलेल्या चान्या वर्षभर पुरत. ज्या घरात दुसरा साठा नव्हता त्या घरातली ती बेगमी होती. ती बेगमी ज्यांनी उतरवून फेकली त्यांनी किती मोठे धाडस केले, हे आजच्या विद्यार्थ्याला त्या पाककृतीशिवाय कसे समजणार? आणि तिसरे असे की आपण लिहिले नाही तर दुसरा लिहील, आणि तो त्याच्या नजरेने लिहील.

हे काम सुरू झाले आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात डॉ. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृती आणि पाककृती यांचे संकलन प्रसिद्ध केले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची त्यात आतून, कोणताही आडपडदा न ठेवता नोंद आहे. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. त्या कृतींत तेल आणि मसाला जपून वापरलेला दिसतो. आईनमधील पाच शेर तुपाशेजारी ही पाककृती ठेवा, म्हणजे इतिहासाची दोन पाने एकमेकांसमोर उघडतील. दोन्ही पाने असल्याशिवाय पुस्तक पुरे होत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला फार मोठी साधने लागत नाहीत. एक वही, आणि घरातल्या आजीजवळ बसण्याची सवड पुरे. मात्र शिस्त हवी, म्हणून काही सूचना करते.

नोंद करताना पदार्थाचे नाव बोलीत जसे आहे तसेच लिहा, त्याचे शुद्धीकरण करू नका. सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि अंदाजे वय तिच्या संमतीने लिहा. आपल्या अन्नाच्या इतिहासात लिहिणाऱ्यांची नावे आहेत, शिजवणाऱ्यांची नाहीत, ही उणीव निदान आपण तरी वाढवू नये.

मापे तिच्याच भाषेत घ्या. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा ही हाताची मापे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि ही नावे तोंडातून जाऊ लागली. तिच्या मुठीत मावते तेवढे धान्य तराजूवर ठेवून त्याचे ग्रॅमही शेजारी लिहा, पण मूठ खोडू नका.

सरपण कोणते होते ते विचारा. शेणी, काटक्या, तुरीच्या पळकाट्या की भुसा? लवकर शिजणारा पदार्थ कित्येकदा चवीसाठी नव्हे तर सरपण वाचवण्यासाठी केलेला असतो. पाणी कोठून, किती लांबून आणि कोणाच्या विहिरीवरून येत होते, हेही विचारा. पाण्याशिवाय पाककृती नाही, आणि आपल्या समाजात पाण्याचा इतिहास हा हक्काचा इतिहास आहे.

वाईट वर्षांविषयी आवर्जून विचारा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. रेशनवर आलेल्या 'मिलो' ज्वारीच्या भाकरी कशा थापल्या, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी घरी आणून तिचे काय केले, कोणता पाला उकडून खाल्ला, याच्या नोंदी सरकारी अहवालांत मिळणार नाहीत. टंचाईत स्त्रिया जे शोध लावतात ते कोणत्याही पाकग्रंथात नसतात, पण घर त्या शोधांवर तरलेले असते.

आणि शेवटी एक प्रश्न विसरू नका : पहिले कोण जेवत होते आणि शेवटी कोण? भांड्याच्या तळाशी जे उरले ते कोणाच्या वाट्याला आले? पाककृतीत चार माणसांचे प्रमाण दिलेले असते. पाचवी, जी शिजवते, ती त्या प्रमाणात धरली आहे की नाही, हे पाहणे हे अभ्यासकाचे काम आहे आणि प्रत्येक घराचेही.

लिहून झालेल्या वह्या कपाटात ठेवू नका. त्यांची एक प्रत आपल्या संस्थेच्या वाचनालयात जमा करा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्या हाताळता येतील. बाबिलोनियातील मातीच्या विटा पावणेचार हजार वर्षे टिकल्या, कारण कोणीतरी त्या कोरण्याचे कष्ट घेतले. आपल्या आज्यांचे ज्ञान मात्र त्यांच्या बोटांत आहे, आणि बोटे फार काळ थांबत नाहीत. म्हणून या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने निदान पाच पाककृतींची नोंद करावी, एवढीच माझी विनंती आहे.



जय भीम!